भाड्याच्या घरातील सावली

ब्लाइंड हा शब्द मराठी घरांत आता पडद्याच्या बरोबरीने वापरला जात असला, तरी या दोन वस्तूंची जात वेगळी आहे. पडदा म्हणजे दांडीवर सरकणारे, चुण्या घातलेले, धुता येणारे कापड. ब्लाइंड म्हणजे खिडकीच्या मापाने कापलेला आणि नळी, साखळी, दोरी, पट्ट्या अशा एखाद्या यंत्रणेने वर-खाली किंवा आडवा सरकणारा आडोसा, जो एका खिडकीवरून उतरवून सहसा दुसरीवर चढवता येत नाही. घर सोडताना भाडेकरू पडद्याची घडी घालून तो बरोबर नेतो, ब्लाइंड मात्र भिंतीलाच राहतो. आणि या एका फरकातून, भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांची देखभाल पाहणाऱ्याच्या कामात निवडीचा, खर्चाचा आणि पुष्कळदा वादाचाही एक स्वतंत्र विषय उभा राहतो. प्रस्तुत लेखनाला आधार आहे तो पुण्याच्या पश्चिमेकडील बाणेर, बालेवाडी, वाकड या भागांतील आणि काही प्रमाणात मुंबईच्या समुद्रालगतच्या सदनिकांच्या देखभालीचा, ज्यांचे मालक बहुधा परगावी किंवा परदेशी राहतात आणि ज्यांच्या खिडक्यांविषयीचे निर्णय त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणाला घ्यावे लागतात.

जुन्या घरांत खिडकीची सावली हा सुताराच्या किंवा गवंड्याच्या कामाचा भाग होता. मुंबईतील जुन्या चाळींच्या खिडक्यांना तिरक्या पट्ट्यांची लाकडी झडपे असत, कोकणातील घरांची वळचण इतकी खाली उतरलेली असे की पाऊस आणि ऊन दोन्ही भिंतीपासून दूर राहत, आणि गोव्यातील पोर्तुगीजकालीन घरांच्या खिडक्यांत काचेच्या जागी प्लाकुना प्लासेंटा या सपाट शिंपल्याचे पातळ तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवलेले असत, ज्यांतून झिरपणारा दुधाळ प्रकाश डोळ्याला बोचत नाही. या घरांत राहायला येणाऱ्याला, मग तो मालक असो वा भाडेकरू, सावली घराबरोबरच मिळत असे. आजच्या सदनिकेला अॅल्युमिनियमची सरकती, तीन खाचांची खिडकी असते. दोन खाचांत काचेची तावदाने आणि तिसरीत डासांची जाळी, आतल्या बाजूला गज, आणि वर फूटभराचा छज्जा असलाच तर. ऊन अडवण्याचे आणि घर झाकण्याचे काम इमारतीने सोडून दिले असून ते राहणाऱ्यावर टाकले आहे. स्वतःच्या घरात राहणारा ते निमूटपणे उचलतो. भाड्याच्या घरात मात्र ते नेमके कोणाचे, हे ठरलेले नसते. ज्या घरात दुपारी झोपता येत नाही आणि रात्री दिवा लावला की समोरच्या इमारतीतून आतले सगळे दिसते, ते घर राहण्याजोगे म्हणता येणार नाही, आणि म्हणून दाराच्या कडीइतकीच खिडकीची सावलीही मालकाने द्यायची गोष्ट आहे, अशी या लेखनामागची भूमिका आहे.

महाराष्ट्रात राहती घरे बहुतेक लिव्ह अँड लायसन्स पद्धतीने दिली जातात. लायसन्स म्हणजे वापराची परवानगी. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ नुसार अशा परवानगीने मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही, म्हणजेच राहणारा कायद्याच्या काटेकोर अर्थाने भाडेकरू नसतो, जरी बोलीभाषेत आणि या लेखातही त्याला भाडेकरूच म्हटले आहे. करार सहसा ११ महिन्यांचा केला जातो. एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्यामुळे ही ११ महिन्यांची सवय लागली, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने असे सर्वच करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक केल्यानंतरही ती टिकून राहिली. अशा कराराला बहुधा वस्तूंची यादी जोडलेली असते, ज्यात पंखे किती, दिवे किती, गीझर किती हे नगांनी लिहिले जाते. ब्लाइंडही तेथे नगांनीच येतात; ते कोणत्या वयाचे आहेत, साखळी ओढल्यावर पूर्ण वर जातात की अर्ध्यात अडकतात, याचा त्या यादीत उल्लेख नसतो. पुढे होणाऱ्या बहुतेक वादांचे मूळ या एका रकान्यात असते.

टिकाऊपणाचा अर्थ अशा घरात बदलतो. स्वतःच्या घरातील ब्लाइंडला एक-दोन हातांची सवय होते. साखळी किती ओढायची, कोणत्या खिडकीचा कोपरा अडतो, हे त्या हातांना न सांगता कळलेले असते. भाड्याच्या घरात दर ११ किंवा २२ महिन्यांनी नवा हात येतो, त्याला यंत्रणा ठाऊक नसते आणि ती शिकवणारे कोणी घरात नसते. उतरवलेले, टाकून दिलेले ब्लाइंड एकत्र ठेवून पाहिले तर कापड जीर्ण झाल्यामुळे निकामी झालेले नग फार थोडे आढळतात; निकामी होतो तो हाताचा स्पर्श होणारा भाग, म्हणजे साखळी, तिच्या टोकाचा जोड, क्लच, पट्टी अडकवण्याचा आकडा, दोरीचा अडसर. दुकानात मात्र निवड होते ती कापडाच्या नमुन्यांच्या जाड वहीवरून, आणि ग्राहकाचे बोट ज्यावरून फिरते तेच नेमके सर्वांत जास्त टिकणारे असते.

यासाठी रोलर ब्लाइंडची रचना थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. खिडकीच्या वर दोन ब्रॅकेट, त्यांच्यामध्ये अॅल्युमिनियमची पोकळ नळी, नळीला चिकटवलेले कापड, कापडाच्या खालच्या कडेला वजनाची पट्टी, आणि नळीच्या एका टोकात बसवलेला क्लच, ज्यावरून मण्यांची साखळी फिरते. क्लचच्या आत एका दंडगोल खुंट्याभोवती स्प्रिंग घट्ट गुंडाळलेली असते. कापडाच्या वजनाने नळी उलगडू पाहते तेव्हा स्प्रिंग आणखी आवळली जाऊन नळीला धरून ठेवते, आणि साखळी ओढली की स्प्रिंग किंचित सैल होऊन नळी फिरू देते. ही युक्ती साधी व उत्तम आहे, पण ती साखळीने वापरली जाईल असे गृहीत धरते. नवा राहणारा बहुधा खालची पट्टी हातात धरून कापड खाली ओढतो, कारण पडद्याच्या सवयीने त्याचा हात कापडाकडेच जातो. त्या ओढीने आवळलेली स्प्रिंग खुंट्यावर घासते, काही महिन्यांत तिची पकड जाते आणि ब्लाइंड ठेवल्या जागी न थांबता हळूहळू खाली घसरू लागतो. कधी स्प्रिंग टिकते पण कापडच नळीवरून सुटते. पहिल्या दिवशी दोन वाक्यांत सांगितले असते तर टळले असते असे हे नुकसान असल्याने, साखळीशेजारी भिंतीवर एक लहान मराठी-इंग्रजी सूचना चिकटवण्याची पद्धत पुढे ठेवण्यात आली, आणि तिचा उपयोग महागड्या कापडाहून अधिक झाला.

नळीचा व्यास हा दुसरा दुर्लक्षित मुद्दा. भिंतीची जाडी तीच असलेल्या नळीचा ताठपणा व्यासाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ३२ मिलिमीटरच्या नळीऐवजी ३८ मिलिमीटरची घेतली की ताठपणा दीडपटीहून जास्त होतो, तर किमतीत तेवढी वाढ होत नाही. दिवाणखान्याच्या रुंद खिडकीवर बारीक नळी मध्यभागी वाकते, कापडावर मधोमध उतरत्या सुरकुत्या पडतात, गुंडाळी एका बाजूला सरकते आणि कडा ब्रॅकेटवर घासून तिचे धागे सुटतात. पाहणाऱ्याला वाटते कापड हलके होते. अशा खिडकीवर एकच मोठा ब्लाइंड बसवण्यापेक्षा दोन समान रुंदीचे बसवणे केव्हाही श्रेयस्कर ठरते, कारण एक बिघडला तरी दुसऱ्यावर काम भागते, आणि घरातील शक्य तेवढ्या खिडक्या एकाच मापात बसवल्या तर दुय्यम खोलीतील चांगला नग मुख्य खोलीत हलवता येतो. प्लॅस्टिकच्या साखळीऐवजी स्टीलची घ्यावी, क्लच बाजारात सहज मिळणाऱ्या प्रकारचा आहे हे खरेदीच्या वेळीच विचारावे आणि घरामागे एक सुटा क्लच देखभालीच्या पेटीत ठेवावा. उद्या दुपारपर्यंत, जवळच्या दुकानातील भागाने, साध्या कारागिराला दुरुस्त करता येईल ते भाड्याच्या घरात टिकाऊ, अशी व्याख्या या कामातून हळूहळू तयार झाली आहे.

या कसोटीवर झेब्रा ब्लाइंड उतरत नाहीत. यांत पारदर्शक आणि अपारदर्शक आडव्या पट्ट्यांचे कापड दुहेरी फिरते आणि पट्ट्या एकमेकींसमोर आल्या की प्रकाश येतो, एकमेकींना झाकू लागल्या की अंधार होतो. नवे असताना ते देखणे दिसतात, म्हणून भाड्याच्या जाहिरातीतील छायाचित्रांसाठी मालक त्यांचा आग्रह धरतात. परंतु दुहेरी कापड किंचित तिरके गुंडाळले गेले तरी पट्ट्या जुळत नाहीत, आतल्या पदरात शिरलेली धूळ काढता येत नाही, आणि काही वर्षांनी तो रंग बनणे थांबले की एक नग खराब होताच सबंध दिवाणखान्याचे नग बदलावे लागतात. हा शेवटचा अनुभव एकाहून अधिक घरांत आला. व्हर्टिकल ब्लाइंडमध्ये कापडाच्या साधारण १०० मिलिमीटर रुंदीच्या उभ्या पट्ट्या वरच्या रुळावरील आकड्यांत लटकतात. त्यांचा गुण असा की एक पट्टी फाटली तर तेवढीच बदलता येते, आणि दोष असा की वाऱ्याने त्या एकमेकींवर आपटतात, खालच्या मण्यांच्या दोऱ्या मुले तोडतात आणि प्लॅस्टिकचे आकडे उन्हाने ठिसूळ होऊन एकामागून एक निखळतात. कार्यालयांत ते चालतात, घरांत कमी. व्हेनिशियन, म्हणजे आडव्या अॅल्युमिनियम पट्ट्यांचा ब्लाइंड, एकदा वाकला की सरळ होत नाही, आणि स्वयंपाकघराजवळ लावला तर फोडणीच्या तेलाची वाफ आणि रस्त्याची धूळ यांचा चिकट थर प्रत्येक पट्टीवर बसतो, जो पुसण्याची अपेक्षा कोणत्याही भाडेकरूकडून ठेवणे योग्य नाही. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या खिडक्यांना ब्लाइंड लावूच नये. काचेला दुधी फिल्म चिकटवली की पुरते.

कापड निवडताना घराची दिशा आणि राहणाऱ्याची दिनचर्या या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. पुणे सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यास सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात, आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत तो माध्यान्ही उत्तरेकडे झुकलेला असतो. जूनमध्ये तो पश्चिम बिंदूपासून सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो. म्हणजे दलाल ज्याला सावलीची बाजू म्हणून दाखवतात त्या उत्तरेच्या खिडकीतही मेच्या संध्याकाळी तिरके ऊन येते, आणि पश्चिमेच्या खिडकीत तर एप्रिल-मे महिन्यांत ते खालच्या कोनातून थेट पलंगापर्यंत पोहोचते, जेथे छज्ज्याचा काही उपयोग नसतो. आतून लावलेला कोणताही ब्लाइंड काचेतून आत शिरलेल्या उष्णतेलाच तोंड देतो. कापडाची बाहेरची बाजू पांढरी किंवा रुपेरी असेल तर त्या उन्हाचा बराच भाग काचेतून परत जातो, गडद असेल तर कापड स्वतःच तापून खोलीत उष्णता सोडते. खोलीकडून कोणताही रंग असो, काचेकडील बाजू पांढरी असावी, हा नियम म्हणूनच पाळला जातो.

हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत अमेरिकेच्या वेळेनुसार काम करणारे अनेक जण या भागात राहतात आणि दिवसा झोपतात. त्यांच्या दृष्टीने शयनगृहात पूर्ण अंधार ही चैन नसून कामाची गरज असते. त्यासाठी मागे लेप दिलेले, प्रकाश न झिरपणारे ब्लॅकआउट कापड वापरतात. पण रोलरचे कापड नळीहून थोडे अरुंद असल्यामुळे चौकटीच्या आत बसवल्यास दोन्ही बाजूंना बोटभर फट राहते आणि दुपारी दोन वाजता त्या दोन फटींतून येणाऱ्या प्रकाशाच्या रेघा झोपणाऱ्याला पुरेशा जाचतात. चौकटीच्या बाहेर, भिंतीवर, प्रत्येक बाजूला तीन-चार इंच जास्तीचे कापड घेऊन बसवला की हा प्रश्न बराचसा मिटतो. याउलट दिवाणखान्यात वापरले जाणारे सनस्क्रीन कापड, ज्याची वीण मुद्दाम उघडी ठेवलेली असते आणि त्या उघडेपणाचे प्रमाण ३, ५ किंवा १० टक्के असे सांगितले जाते, दिवसा बाहेरचे दृश्य दाखवते आणि बाहेरून आतले दिसू देत नाही. रात्री आत दिवा लागला की हे उलटते. विक्रेते दिवसा नमुना दाखवतात, आणि कुटुंबाला ही बाब पहिल्या रात्री कळते. म्हणून असे कापड समोर इमारत नसलेल्या खिडकीलाच द्यावे.

मुंबईच्या समुद्रकाठच्या घरांत वेगळाच शत्रू असतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तेथे २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हवा सतत दमट राहते, आणि घर दोन भाडेकरूंच्या मध्ये महिना-दीड महिना बंद राहिले तर गुंडाळून ठेवलेल्या कापडाच्या आतल्या वेटोळ्यांत बुरशीचे काळे ठिपके धरतात, जे धुऊनही जात नाहीत. सुती किंवा तागमिश्रित कापड तेथे नकोच. पॉलिएस्टर स्वतः ओलावा धरत नसल्याने त्यावर बुरशी कमी धरते, आणि बंद घरात ब्लाइंड गुंडाळलेले न ठेवता पूर्ण उलगडून ठेवावेत, एवढी साधी दक्षता पुरते. खारी हवा साध्या लोखंडी स्क्रूला एका पावसाळ्यात गंज चढवते आणि त्याचा तांबूस ओघळ भिंतीच्या रंगावर उतरतो. ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील तेथे बरे आणि मॉलिब्डेनम मिसळलेले ३१६ अधिक चांगले.

भिंतीचा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही. नव्या इमारतींत एकतर अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, मायवन नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीच्या सलग काँक्रीटच्या भिंती असतात, ज्यांत साधे ड्रिल शिरत नाही आणि कारागीर कंटाळून अर्ध्या खोलीवर स्क्रू थांबवतो. नाहीतर एएसी, म्हणजे हवेचे बुडबुडे धरून ठेवलेल्या हलक्या काँक्रीटचे ब्लॉक असतात, ज्यांत भोक पटकन पडते पण कारागीर ज्याला गिट्टी म्हणतात तो नेहमीचा प्लॅस्टिकचा खुंटा पकड घेत नाही. जूनच्या पहिल्या वादळी वाऱ्यात उघड्या खिडकीवरील ब्लाइंड शिडासारखा फुगला की असा ब्रॅकेट प्लास्टरच्या खपलीसकट खाली येतो, आणि तो भाडेकरूच्या निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून दाखवला जातो. एएसी भिंतीसाठी मिळणारा लांब नायलॉनचा खुंटा वापरला होता की नाही, हे खपलीमागील भोकात पाहिल्याशिवाय असा निष्कर्ष काढू नये. देखभाल करणाऱ्याने मालकाची बाजू घेऊन काढलेला असा निष्कर्ष पुढे भोक तपासल्यावर मागे घ्यावा लागल्याचा प्रसंगही या कामात घडला आहे, आणि त्याची खंत राहिली आहे.

लोंबती दोरी किंवा साखळीचा फासा लहान मुलांच्या गळ्यात अडकून मृत्यू झाल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत, आणि अमेरिकेत २०१८ च्या मानकाने दुकानात तयार विकल्या जाणाऱ्या ब्लाइंडना लोंबत्या दोऱ्या ठेवण्यास मनाई केली. भाड्याच्या घरात आज अविवाहित तरुण राहत असेल, पुढच्या वर्षी रांगते मूल असलेले कुटुंब येईल; म्हणून साखळी भिंतीला ताणून धरणारी पकड प्रत्येक ब्लाइंडबरोबर बसवलीच पाहिजे आणि पाळणा वा पलंग त्या खिडकीखाली ठेवू नये हे नव्या कुटुंबाला सांगितलेच पाहिजे. येथे खर्चाचा हिशेब करू नये.

खर्चाविषयी मालकांना एक गोष्ट समजावून द्यावी लागते. घरभाड्याच्या उत्पन्नातून, महापालिकेचा कर वजा जाता उरणाऱ्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट आयकरात मिळते, मग दुरुस्तीवर काहीही खर्च झालेला नसला तरी. ब्लाइंडची पावती जोडून वेगळी वजावट मागता येत नाही. ही ३० टक्के वजावट घराच्या देखभालीसाठीच दिली आहे असे मानले, तर तुटलेल्या क्लचचे पैसे अनामत रकमेतून कापण्याचा मोह आवरणे सोपे जाते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ ने भाडेपट्ट्याच्या बाबतीत वाजवी वापराने होणारी झीज राहणाऱ्याच्या जबाबदारीतून वगळली आहे, आणि लिव्ह अँड लायसन्स करारांतही हे तत्त्व बहुधा लिहिलेले असते. पाच वर्षे जुन्या ब्लाइंडचा क्लच गेला तर ती झीज, कापडाला इस्त्रीचा डाग पडला तर ते नुकसान, आणि नुकसान असले तरी वसुली जुन्या वस्तूच्या उरलेल्या किमतीची, नव्या वस्तूच्या पूर्ण किमतीची नव्हे. हे ठरवता यावे म्हणून प्रत्येक नळीच्या मागे बसवल्याची तारीख पक्क्या शाईने लिहिण्यात येते, आणि घराचा ताबा देताना व घेताना प्रत्येक ब्लाइंड दोघांसमोर एकदा पूर्ण खाली व पूर्ण वर करून मगच यादीवर सही होते.

एका जागी मात्र टिकाऊपणाची वरील व्याख्या लागू पडत नाही, आणि ती म्हणजे पश्चिमेची उघडी बाल्कनी. तेथे रोलर वाऱ्याने फाटतो, बाहेरून बसवायचे यांत्रिक छत भाड्याच्या घराला परवडत नाही, आणि दर्शनी भागात बदल करायला गृहनिर्माण संस्थेची संमती लागते. अनेक प्रयोगांनंतर तेथे बांबूची चीक लावली जाते, म्हणजे बारीक कामट्या सुताने विणून केलेला, दोरीने गुंडाळता येणारा पडदा, जो विदर्भातल्या वाळ्याच्या ताट्यांप्रमाणे काचेच्या बाहेरच ऊन अडवतो आणि म्हणून आतल्या कोणत्याही ब्लाइंडपेक्षा खोली अधिक थंड ठेवतो. सूत दोन-तीन उन्हाळ्यांत कुजते, कामट्या सुटतात. चीक मार्चमध्ये टांगली जाते, मृगाच्या आधी उतरवून माळ्यावर ठेवली जाते, आणि सुटली की नवी आणली जाते. तिचा खर्च मालकाच्या वार्षिक हिशेबात आधीच धरलेला असतो आणि तिच्यासाठी अनामत रकमेला कधीही हात लावला जात नाही.